राखलेला किनारा

मराठींत ‘राखणें’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पीक कणसांत आलें म्हणजे शेतकरी माळ्यावर बसतो, गोफण फिरवितो, पांखरें उडवितो. ही एक राखण. आणि गांवाबाहेरच्या देवराईंतून कोणी वाळकी काटकीसुद्धां उचलीत नाहीं, कुऱ्हाड घेऊन जाण्याचें तर नांवच नको; तीहि राखणच. पहिल्या प्रकारांत माणसाला अहोरात्र कांहीं तरी करावें लागतें. दुसऱ्यांत आपला हात आवरणें एवढेंच त्याचें काम. या दोहोंत अवघड कोणती, हा प्रश्न आमच्या मनांत पूर्वीं कधीं उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला सिडनी शहराच्या दक्षिणेकडील एका अरण्यांत, आणि अद्याप त्यानें आमची पाठ सोडलेली नाहीं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत, परीक्षांच्या उत्तरपत्रिका हातावेगळ्या केल्यावर, आम्ही सहकुटुंब सिडनीस पुतण्याकडे गेलों होतों. आपल्याकडे मे महिन्यांत अंगाची लाही होत असते. तिकडे त्या दिवसांत शरद् ऋतु सरत आलेला असतो, ऊन मऊ असतें आणि सकाळच्या वेळीं लोंकरीचें वस्त्र अंगावर लागतें. पुतण्या त्या शहरांत पंधरा वर्षें नोकरीनिमित्त राहिलेला आहे. त्याचा मुलगा तेथेंच जन्मला. वय वर्षें दहा. त्याला मराठी समजतें, परंतु बोलतांना बिचारा क्रियापदापाशीं येऊन अडखळतो. एके रात्रीं जेवतांना पुतण्या म्हणाला, “काका, ऑपेरा हाऊस आणि तो पूल काय, सगळेच पाहतात. उद्यां तुम्हांला आणि काकूंना समुद्रकांठचें रान दाखवतों.” आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, डबे भरून घेऊन, आम्ही ‘रॉयल नॅशनल पार्क’ या राष्ट्रीय उद्यानाकडे निघालों.

सिडनीच्या मध्यवस्तीपासून दक्षिणेस सुमारें २० मैलांवर हें उद्यान लागतें. उत्तरेस पोर्ट हॅकिंगची खाडी, पूर्वेस पॅसिफिक महासागर आणि मधें वालुकाश्माचें पठार. क्षेत्रफळ सुमारें १५,००० हेक्टर. अमेरिकेंत यलोस्टोनचें उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. त्यानंतर सातच वर्षांनीं, १८७९ च्या एप्रिलांत, न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें हें उद्यान जाहीर केलें. जगांतील राष्ट्रीय उद्यानांत ज्येष्ठतेनें दुसरें अशी याची गणना होते. प्रथम याला नुसतें ‘नॅशनल पार्क’ म्हणत. ‘रॉयल’ हा अलंकार, राणी एलिझाबेथ दुसरी ही १९५४ सालीं त्या देशास भेट देऊन गेल्यावर, १९५५ सालीं चढला.

परंतु ज्यांनीं हें उद्यान निर्माण केलें त्यांच्या डोळ्यांपुढें काय होतें हें पाहूं गेल्यास मौज वाटते. सर जॉन रॉबर्टसन हे त्या वसाहतीचे जुने मुत्सद्दी. पांच वेळां मुख्य प्रधान झालेले. या योजनेमागें प्रामुख्यानें त्यांचा हात होता. सिडनी त्या काळीं दाट वस्तीनें आणि रोगराईनें गांजलेलें होतें. कोंदट गल्ल्यांतून लहान मुलें दगावत होतीं. कामकरी माणसाला सुटीच्या दिवशीं मोकळी हवा मिळावी, शहराला जणूं फुप्फुसें असावींत, हा हेतु. हेतु स्तुत्य खराच. पण रानाची रान म्हणून कांहीं किंमत आहे हा विचार त्यांत अभावानेंच होता. विश्वस्तांना जे अधिकार दिले होते त्यांत शोभेचीं हिरवळीचीं मैदानें, प्राणिसंग्रहालय, घोड्यांच्या शर्यती, क्रिकेट, स्नानाच्या जागा, फार काय, सैन्याच्या कवायती, अशा सर्व गोष्टींची तरतूद केलेली होती. १८८६ सालीं आगगाडीचा एक फांटाहि थेट उद्यानांत आणून सोडला. तो पुढें १९९१ पर्यंत चालला. थोडक्यांत सांगावयाचें तर रान हा कच्चा माल होता, आणि त्यापासून बाग तयार करावयाची होती.

या बागकामाच्या खुणा आम्हांस प्रथम ऑडली येथें पाहावयास मिळाल्या. तेथें हॅकिंग नदीला एक लहानसा बंधारा आहे. रस्ता त्याच्याच माथ्यावरून पलीकडे जातो. बंधाऱ्यालगत सुरेख हिरवळ आहे आणि तिच्यावर कुटुंबेंच्या कुटुंबें शिदोऱ्या सोडून बसलेलीं होतीं. कोणालाहि वाटावें कीं ही हिरवळ निसर्गानेंच अंथरली असेल. तसें नाहीं. नदीकांठची खारफुटी तोडून आणि चिखलाची जमीन भरून काढून विश्वस्तांनीं ती केली. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं जावा बेटाकडचीं हरणें उद्यानांत आणलीं. हरणांवांचून उपवनाला शोभा ती कसली! पुढें १९२२ च्या सुमारास, कोळशाच्या खाणींना लांकडी टेकू लागतात म्हणून, उद्यानांतलीं झाडें तोडूं देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. तेव्हां मात्र नागरिकांनीं ओरड केली. उद्यान राखणें म्हणजे काय, याचा लोकांत खरा विचार सुरू झाला तो अशा ओरडण्यांतून.

त्या हरणांचें पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. शत्रु कोणी नाहीं, चारा मुबलक. त्यांचा वंश वाढला आणि उद्यानाबाहेर दूरवर पसरला. तीं कोंवळे अंकुर खुडून खातात, त्यामुळें रानांतल्या झाडोऱ्याची नवी पिढी वर येण्यास वाव उरत नाहीं. आज त्याच उद्यानाचे अधिकारी बंदूकवाले लावून त्यांची संख्या कमी करतात. आजोबांनीं कौतुकानें आणलेला पाहुणा नातवांना गोळी घालून घालवावा लागत आहे. ही हकीकत ऐकून आमच्या घरच्या मंडळींनीं सहज शेरा मारला, “अहो, चांगल्या लागलेल्या आमटींत सारखी पळी घालूं नये, एवढें या लोकांना कोणी सांगितलें नव्हतें वाटतें!” इतक्या थोड्या शब्दांत हा इतिहास कोणा ग्रंथकारानें सांगितला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

मात्र हात आवरणें म्हणजे पाठ फिरविणें नव्हे, हेंहि तेंच रान शिकवितें. ऑडलीहून वर पठारावर आलें म्हणजे दोन्हीं अंगांस युकॅलिप्टस आणि बँक्सिया यांची खुरटी, वाऱ्यानें वांकविलेली झाडी लागते. १९९४ च्या जानेवारींत या उद्यानांत वणवा शिरला आणि त्याचा नऊदशांशांहून अधिक भाग जळून गेला. काळ्या पडलेल्या त्या भूमीकडे पाहून हळहळलेले लोक आजहि तें बोलून दाखवितात. परंतु तें रान मेलें नव्हतें. बँक्सियाच्या पुष्कळ जातींचें बीं लांकडासारख्या कठीण बोंडांत बंद असतें; आगीची धग लागल्यावांचून तीं बोंडें उघडत नाहींत. जिमिया लिली म्हणून एक वनस्पति तेथें आहे. तिचा देंठ दोन पुरुषांहून उंच वाढतो आणि त्याच्या शेंड्यावर तांबड्याभडक फुलांचा गुच्छ येतो. वणव्यानंतर तिला अधिकच बहर येतो. हें मर्म मूळच्या धरावल लोकांस केव्हांच ठाऊक होतें. ते योग्य ऋतु पाहून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, थोडथोडें रान बेतानें जाळीत. त्यामुळें मोठा वणवा भडकावयास सरपणच सांठत नसे. त्यांनीं या भूमीची हिरवळ केली नाहीं आणि तिला वाऱ्यावरहि सोडली नाहीं. राजपत्रांत जाहीरनामा न काढतां त्यांनीं ती हजारों वर्षें राखली.

या लोकांच्या हातची खूण पाहावयास आम्ही पुढें बंदीना या खेड्याकडे गेलों. खेडें उद्यानाच्या उत्तर टोंकाला, खाडीच्या तोंडाशीं आहे. पलीकडच्या क्रोनुला बंदरांतून तेथें लहान आगबोट येते. खेड्यापासून थोडें चाललें म्हणजे जिबन नांवाचें भूशिर लागतें. तेथील सपाट खडकावर धरावल लोकांनीं चित्रें कोरलेलीं आहेत: देवमासा, पाकटमासे, कांगारू, आणि एक मनुष्याकृति, जिच्या हाताला सहा बोटें आहेत. खडकावर कोणाचें पाऊल पडूं नये म्हणून भोंवतीं फळ्यांचा उंच मार्ग केलेला आहे, त्यावरूनच पाहावयाचें. दुपारचें ऊन सरळ पडल्यामुळें रेषा पुसट झाल्या होत्या. आमच्या नातवाचे डोळे तीक्ष्ण; त्यानेंच देवमाशाची पाठ प्रथम ओळखली आणि बोटानें हवेंत ती गिरवून आम्हांस दाखविली. खडकाच्या पुढें समुद्र होता, आणि थंडीच्या दिवसांत त्याच समुद्रांतून खरे देवमासे उत्तरेकडे जातात. चित्र आणि चित्राचा विषय इतक्या जवळजवळ राहिलेले आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिले आहेत. पण ज्यांनीं तें कोरलें त्यांच्या मुलाबाळांवर १७८९ सालच्या देवीच्या सांथीनें आणि मागोमाग आलेल्या वसाहतवाल्यांनीं काय प्रसंग आणला, हें आठवलें म्हणजे त्या चित्राकडे निव्वळ रसिकतेनें पाहावत नाहीं.

उतरत्या उन्हांत आम्ही वाटामोला येथें पोंचलों. रस्ता पठारावरून खालीं येतो आणि एका मोकळ्या जागेपाशीं संपतो. तेथून एक ओढा खडकाच्या कडेवरून खालच्या तळ्यांत पडतो. तळ्यापुढें वाळूचा पट्टा, आणि पलीकडे कड्यांच्या कुशींत एक चिमुकलें आखात. १७९६ च्या मार्चांत जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स हे दोन तरुण, बरोबर एक पोरगा घेऊन, ‘टॉम थंब’ नांवाच्या होडक्यांतून हा किनारा धुंडाळीत होते. रात्रीं तुफानांत सांपडले असतां ते या कुशींत शिरले आणि वांचले. त्यांनीं कृतज्ञतेनें या जागेला ‘प्रॉव्हिडेन्शियल कोव्ह’ असें नांव दिलें. नांव चांगलें होतें, पण लोकांच्या तोंडीं टिकलें तें मूळच्या रहिवाशांचेंच: वाटामोला.

यानंतर एका वर्षानें येथेंच जें घडलें, तें पुतण्यानें आम्हांस ठाऊक असेल असें समजून सांगावयास घेतलें. आम्हीं त्याविषयीं थोडें वाचलें होतें. पण वाचणें वेगळें आणि त्या वाळूवर उभें राहून ऐकणें वेगळें. १७९६ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्याहून ‘सिडनी कोव्ह’ नांवाचें जहाज दारू, तांदूळ, चहा, कापड असा माल घेऊन सिडनीस निघालें. ती वसाहत त्या वेळीं जेमतेम नऊ वर्षांची होती. जहाजावरील खलाशी बहुतेक आपल्या देशचे. १७९७ च्या फेब्रुवारींत तें फुटकें जहाज टास्मानियाच्या ईशान्येकडील एका ओसाड बेटाच्या किनाऱ्याला लावावें लागलें. मदत आणण्यासाठीं १७ जण एका होडींतून निघाले: ५ गोरे आणि १२ हिंदुस्थानी. मार्चांत ती होडीहि मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर आपटून मोडली. सिडनी तेथून सुमारें ४०० मैल. मधें नद्या, खाड्या आणि अनोळखी रान. ते पायीं निघाले. वाटेंत मूळच्या लोकांनीं कित्येक ठिकाणीं त्यांना मासे दिले, आपल्या होडग्यांतून नद्या उतरवून दिल्या. क्वचित् भालेहि फेंकले. भूक आणि थकवा यांनीं एकेक जण मागें पडत गेला. १५ मे १७९७ रोजीं या वाटामोलाच्या किनाऱ्यावर तिघेच उरले होते. मासे मारावयास आलेल्या एका होडीला त्यांनीं खूण केली, आणि ती होडी त्यांना सिडनीस घेऊन गेली.

तिघांपैकीं एक विल्यम क्लार्क, मालाचा कारभारी. त्याची रोजनिशी पुढें कलकत्त्याच्या ‘एशियाटिक मिरर’ या पत्रांत छापून आली. वाटेंत त्यानें पाहिलेल्या कोळशाचा तपास करण्यासाठीं बास याला मुद्दाम पाठविण्यांत आलें. दुसरा जॉन बेनेट नांवाचा खलाशी. तिसरा आपल्या देशचा होता.

“त्याचं नांव काय, आजोबा?” नातवानें विचारलें.

नांव नाहीं. कागदोपत्रीं त्याची ओळख ‘लास्कर’ एवढीच राहिली आहे. हा शब्द आपल्या ‘लष्कर’ शब्दाचा सख्खा भाऊ. दोन्हीं फारसींतून आलेले. इंग्रजांच्या तोंडीं तो आपल्याकडील खलाशांस लागला. अख्ख्या फौजेचें नांव एका माणसाला दिलें, आणि त्याचें स्वतःचें नांव तेवढें घ्यावयाचें राहिलें. मुलाला आम्हीं खरें तेंच सांगितलें. त्याचें समाधान झालें नाहीं. “पण तो चालला तर तेवढंच ना?” असें तो म्हणाला, आणि या वेळीं क्रियापद मुळींच अडखळलें नाहीं.

पुतण्याला वाटत होतें कीं येथें त्या अनामिकाच्या स्मरणार्थ एखादी शिळा उभी करावी. आमचें मन प्रथम त्याला अनुकूल होईना. सबंध दिवसभर आम्ही हेंच पाहात आलों होतों कीं या भूमीवर सद्धेतूनें जें जें नवें आणून ठेविलें तें तें काढून टाकण्यांत पुढच्यांचा जन्म चालला आहे. आणि समोर पाहावें तों ओढा तोच, कडे तेच, वाळू तीच. एवढें मोठें शहर हाकेच्या अंतरावर असतां येथें घाट बांधला गेला नाहीं, हवेल्या उठल्या नाहींत. म्हणूनच सव्वादोनशें वर्षांपूर्वीं त्या माणसाच्या थकलेल्या डोळ्यांना जें दिसलें तें आम्हांस दिसूं शकलें. ज्यांनीं हें उद्यान राखलें त्यांच्या मनांत तो कधीं आलाहि नसेल. तरी त्याची ही शेवटची मुक्कामाची जागा त्यांनींच राखून ठेविली. देवराईंतहि असेंच होतें. देवासाठीं म्हणून राखतात आणि झरा आपोआप राखला जातो.

परंतु विचार करतां दुसरी बाजूहि दिसूं लागली. किनारा हात आवरल्यानें राहतो. माणूस तसा राहत नाहीं. क्लार्क आज आपणांस भेटतो, कारण तो लिहूं शकत होता आणि त्याचें लिहिलेलें छापणारें कोणी होतें. ज्याच्याविषयीं सगळेच हात आवरून बसले तो लाटेनें पुसलेल्या पावलासारखा नाहींसा झाला. जमिनीच्या बाबतींत जो संयम, तोच माणसाच्या बाबतींत विस्मरण ठरतो. माणसाची राखण ही पहिल्या प्रकारची: माळ्यावर बसून, जागून, गोफण फिरवीत करावयाची.

हा विचार आम्हांस एवढा कां झोंबला त्याला एक घरगुती कारण आहे. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत, खाडीच्या कांठीं. आमच्या आजोबांचे वडील बंधु ऐन तारुण्यांत मुंबईच्या बंदरांतून बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि परत आले नाहींत. घरच्या वहींत वंशावळ आहे. तींत आजोबांच्या अलीकडे-पलीकडे सर्वांचीं नांवें आहेत आणि या एका जागीं ‘ज्येष्ठ, बोटीवर गेले’ एवढेच शब्द आहेत. लहानपणीं आम्ही भावंडें त्यांना ‘बोटीवरचे आजोबा’ म्हणत असूं, आणि तेवढें आम्हांस पुरत असे. त्या सायंकाळीं मात्र तें पुरेना.

परत आल्यावर आम्हीं आमच्या आत्याबाईंना फोन केला. त्या पिढींतल्या त्या एकट्याच आतां हयात आहेत. वय पंच्याऐंशीच्या पुढें, पण स्मरण खणखणीत. त्यांना आपल्या थोरल्या चुलत्यांचें नांव विचारलें. त्या बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “अरे, आम्ही त्यांना पाहिलंच नाहीं. आई त्यांच्याविषयीं बोले, पण ‘थोरले भावजी’ म्हणून. दिराचं नांव बायका तोंडानं घेत नसत. आणि बाबा तर तो विषयच काढीत नसत.” आदरानें एकीनें नांव घेतलें नाहीं, दुःखानें दुसऱ्यानें घेतलें नाहीं, आणि दोघांच्या मधें तें बुडालें. क्लार्कला दोष देणें त्यानंतर आम्हांस थोडें जड जाऊं लागलें.

वहींत आम्हीं आत्याबाईंचे शब्द लिहून ठेवले आहेत: थोरले भावजी, बोटीवर गेले, वाट पाहणारें घर मागें होतें. नांवाची जागा कोरी सोडली आहे. आमच्या नातवानें त्या वंशावळीची नक्कल मागितली. ती त्याला पाठविली. आपलें नांव त्यानें तिच्या तळाशीं देवनागरींत स्वतःच्या हातानें लिहिलें असल्याचें पुतण्या कळवितो. अक्षर वळणदार नाहीं, परंतु वाचतां येतें.